चोरबाजार: जुनी मुंबई विकत घेण्याआधी

दिवाणखान्यात मांडायला काहीतरी ‘अँटिक’ हवं म्हणून चोरबाजारात जाणार असाल तर पुढचं वाचून हिरमोड होईल. पितळी कर्ण्याचा ग्रामोफोन, जहाजाचं सुकाणू, दुर्बीण, होकायंत्र हा सगळा माल दर्शनी भागात असतो, झगमगतो, आणि त्यातला बराचसा अलीकडे घडवलेला असतो. पण साठ-सत्तर वर्षांपूर्वी या शहरातला माणूस कशाने प्रवास करायचा, किराणा किती आणायचा, खोलीचं भाडं किती भरायचा, हे प्रत्यक्ष हातात धरून पाहायचं असेल तर चोरबाजारातल्या मटन स्ट्रीट आणि आजूबाजूच्या गल्ल्यांच्या तोडीची जागा मुंबईत नाही. संग्रहालयात राजे-महाराजे, तलवारी, मूर्ती भेटतात. इथे रेशनकार्ड भेटतं.

मात्र वस्तूचं वय तुम्हाला स्वतःला काढता आलं पाहिजे. दुकानदाराच्या तोंडी सगळंच ‘सौ साल पुराना’ असतं. त्यात दरवेळी लबाडी असते असं नाही, बऱ्याचदा त्यालाही माहीत नसतं. माल भंगारवाल्याकडून किंवा रद्दीवाल्याकडून वजनावर आलेला असतो, आणि वस्तू कुठल्या घरातली हा धागा तिथेच तुटलेला असतो. हा या बाजाराचा सर्वांत मोठा दोष. म्हणून आमचा पहिला नियम असा, की ज्या वस्तूवर पत्ता, नंबर, भाव किंवा कंपनीचं नाव छापलेलं आहे ती आधी उचलावी. ती आपलं वय स्वतः सांगते.

ग्रँट रोड स्टेशनवरून पूर्वेला चालत जाता येतं. मटन स्ट्रीटवरची जुन्या वस्तूंची दुकानं शुक्रवारी बंद असतात, आणि त्याच दिवशी पहाटे रस्त्यावर जुमा बाजार भरतो. हे दोन अगदी वेगळे बाजार आहेत. जुमा बाजारात चपला, हत्यारं, मोबाइलचे सुटे भाग यांच्या ढिगात मधूनच एखादा अल्बम, चिठ्ठ्यांची पेटी किंवा हिशेबाची वही निघते. भाव कमी, पण उजेड नसतो आणि परतीची सोय नसते. टॉर्च आणि दहापट मोठं दाखवणारं जवाहिऱ्याचं भिंग खिशात हवंच. दुकानांसाठी इतर दिवशी अकरानंतर जावं. रमझानमध्ये वेळा बदलतात. भेंडीबाजारच्या साडेसोळा एकरांच्या पुनर्विकासामुळे या भागातल्या गल्ल्यांचा नकाशा बदलत चालला आहे, त्यामुळे जुन्या ओळखीचं दुकान जागेवर नसेल तर शेजारी विचारावं.

आता कागद. या बाजाराला पैकीच्या पैकी गुण द्यायचे ते कागदासाठीच.

ट्रामचं तिकीट घ्या. बोटभर पातळ रंगीत कागद, त्यावर क्रमांक आणि दर. मुंबईत घोड्यांची ट्राम ९ मे १८७४ रोजी सुरू झाली, विजेची १९०७ मध्ये, आणि शेवटची ट्राम बोरीबंदरहून दादरला ३१ मार्च १९६४ च्या रात्री गेली. तिकिटावर ट्राम चालवणाऱ्या ‘बेस्ट’चा उल्लेख ‘कंपनी’ असा असेल तर ते ७ ऑगस्ट १९४७ च्या आधीचं, कारण त्या दिवशी कंपनी महापालिकेच्या ताब्यात गेली आणि ‘अंडरटेकिंग’, म्हणजे पालिकेचा उपक्रम, झाली. दर आण्यात असेल तर १ एप्रिल १९५७ च्या आधीचं, कारण त्या दिवशी दशमान नाणी आली. दर ‘नये पैसे’ असा असेल तर त्यानंतरचं. आणि गंमत इथे आहे: ‘नये’ हा शब्द सरकारने १ जून १९६४ रोजी काढला, म्हणजे ट्राम बंद झाल्यावर दोन महिन्यांनी. तेव्हा नुसतं ‘पैसे’ छापलेलं तिकीट कोणी ट्रामचं म्हणून पुढे केलं तर ते बसचं समजून बसच्या भावाने मागावं. ट्रामची तिकिटं खोटी छापण्यात कोणाला फारसा फायदा नाही, धोका आहे तो बसचं तिकीट ट्रामच्या नावाने विकलं जाण्याचा. ट्रॉलीबसचं तिकीट हाती लागलं तर सोडू नये. गवालिया टँक ते माझगाव डॉक अशी ती सेवा १९६२ ते १९७१ एवढीच चालली, आणि आजच्या बहुतेक मुंबईकरांना ती होती हेच माहीत नाही.

दुकानांची बिलं आणि लेटरहेड तारखेविनाही वाचता येतात. पत्त्यात ‘मुंबई ४’ किंवा ‘मुंबई २’ असा एक-दोन आकडी विभाग असेल तर कागद बहुधा १५ ऑगस्ट १९७२ च्या आधी छापलेला. त्या दिवशी पिनकोड आला आणि मुंबई ४ ची ४००००४ झाली. टेलिफोन पाच आकडी असेल तर बराच जुना, सहा आकडी त्यानंतरचा, सात आकडी २००२ पर्यंतचा, आणि त्यापुढे आधी २ लागून आठ आकडी. रकमेच्या जागी रुपये-आणे-पै असे तीन रकाने की रुपये-पैसे असे दोन, तेही पाहावं. माल शेर, मण, तोळ्यात मोजला आहे की किलोत, हे पाहिल्यावर १९५८ ते १९६२ ही सीमारेषा सापडते, कारण मेट्रिक वजनं त्या चार वर्षांत टप्प्याटप्प्याने लागू झाली. रेव्हेन्यू स्टॅम्पवर राजा आहे की अशोकस्तंभ, हेही बघून घ्यावं.

रस्त्याच्या नावावर मात्र डोळे झाकून विसंबू नये. हॉर्नबी रोडचा दादाभाई नवरोजी रोड झाला, सँडहर्स्ट रोडचा सरदार वल्लभभाई पटेल रोड, क्वीन्स रोडचा महर्षी कर्वे रोड, गिरगाव बॅक रोडचा विठ्ठलभाई पटेल रोड, प्रिन्सेस स्ट्रीटचा शामळदास गांधी मार्ग. पण दुकानदार वर्षानुवर्षं जुनंच नाव छापत राहिले, लॅमिंग्टन रोड तर लोक आजही तेच म्हणतात. जुन्या नावाने कागद जुना ठरत नाही. नव्या नावाने तो नामांतरानंतरचा आहे एवढं नक्की ठरतं. असाच दुसरा घोळ छापील नमुन्याचा. बिलबुकं शेकड्यांनी छापून घेत आणि संपेपर्यंत वापरत, त्यामुळे आण्याच्या रकान्यावर शाईने काट मारून नये पैसे लिहिलेली बिलं सापडतात. अशा वेळी हाताने लिहिलेलं धरावं, छापलेलं नाही. आमच्या मते अशी खाडाखोड केलेली बिलं कोऱ्या करकरीत बिलांपेक्षा कितीतरी मोलाची. बाजार नेमका उलटा विचार करतो आणि ‘खराब पीस’ म्हणून ती स्वस्तात देतो.

चाळींच्या भाडेपावत्या हा सगळ्यांत दुर्लक्षित माल. चाळ पुनर्विकासाला गेली की मालकाच्या कचेरीतली पावतीपुस्तकं रद्दीत जातात. दहा-वीस वर्षांच्या पावत्या एका गठ्ठ्यात मिळाल्या तर त्या ओळीने लावून पाहाव्यात. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने प्रमाण भाडं सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधलं, म्हणून मूळ आकडा वर्षानुवर्षं हलत नाही. १९६९ साली इमारत दुरुस्ती मंडळाचा कायदा आला, त्यानंतर दुरुस्ती उपकराची रक्कम वेगळी दिसू लागते. भाडेकरूचं नाव बापाचं मुलावर जातं, कधी ते तसंच राहतं आणि सही मात्र दुसऱ्याची येते. दक्षिण मुंबईतल्या इमारती का खचल्या आणि मालकांनी हात का काढून घेतला, याचा हिशेब या पावत्यांइतक्या स्वच्छ भाषेत कुठेच वाचायला मिळत नाही.

यातूनच दुसरा नियम: गठ्ठा फोडू नये. दुकानदार वरची दोन चित्रवाली बिलं काढून वेगळी विकायला बघतो, कारण फ्रेम करणाऱ्यांना तेवढीच हवी असतात. एका कुटुंबाचं रेशनकार्ड, रेडिओचा परवाना, शाळेची फी-पावती आणि लग्नपत्रिका एकत्र असली तर ते घर उभं राहतं, सुटी केली की चार रंगीत कागद उरतात. रेडिओ परवान्याची पुस्तिका तर हमखास पाहावी. घरात रेडिओ ठेवायला पोस्टात पैसे भरावे लागत, हे आता सांगूनही खरं वाटत नाही. त्या पुस्तिकेत मालकाचं नाव-पत्ता आणि सेटची माहिती मिळते. ही पद्धत १९८० च्या दशकात गेली. गठ्ठा विकत घेताना दोरी सोडून मधले कागद पाहावेत, वर-खाली जुने आणि मध्ये कालची रद्दी असा प्रकार होतो.

गिरणगावचा माल दोन तऱ्हेचा येतो: कामगारांचे पितळी बिल्ले आणि कापडाच्या ताग्यावर चिकटवायची रंगीत लेबलं. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले, पुढे गिरण्या बंद पडत गेल्या, आणि खात्यांची कपाटंच्या कपाटं भंगारात आली. बिल्ल्यावरचा कामगार क्रमांक हाताने ठोकलेला असतो, म्हणून आकडे एका रेषेत नसतात, एखादा खोल तर एखादा उथळ उमटतो. नकली बिल्ला साच्यात ओतलेला असतो. त्याच्या अक्षरांच्या कडा बोथट आणि पाठीवर बारीक भोकं दिसतात. लेबलांना भिंग लावावं. जुन्या शिळाछापात रंगांचे ठिपके वेडेवाकडे, दाट-विरळ असतात, सोनेरी रंग धातूसारखा वेगळा चमकतो. आधुनिक ऑफसेट छपाईत ठिपक्यांची नेटकी फुलं दिसतात. एवढी एक कसोटी शिकलात तरी भिंगाचे पैसे वसूल. सिनेमाच्या पोस्टरला हीच कसोटी थोडी सांभाळून लावावी, कारण नंतरची अस्सल पोस्टरंही ऑफसेटवर छापलेली आहेत. तिथे घड्या पाहाव्यात. खरं पोस्टर घडी घालून थिएटरला जायचं, घडीवर कागदाचे तंतू उसवलेले असतात. नकलेत घडी छापलेली असते, बोट फिरवलं की कागद सपाट लागतो.

फर्निचरमध्ये एकच गोष्ट सांगण्यासारखी, ती म्हणजे इराणी हॉटेलातली वाकवलेल्या लाकडाची खुर्ची. बीचचं लाकूड वाफेवर मऊ करून लोखंडी साच्यात वाकवायचं ही युरोपातल्या थोनेट कारखान्याची युक्ती. त्यांच्या १८५९ च्या १४ नंबरच्या खुर्चीत लाकडाचे सहा तुकडे, दहा स्क्रू आणि दोन नट एवढंच होतं, आणि सुट्या केलेल्या ३६ खुर्च्या एक घनमीटरच्या खोक्यात मावत. म्हणूनच तशा खुर्च्या समुद्रापारहून आणणं परवडलं. पोलंड आणि चेकोस्लोव्हाकियातल्या कारखान्यांचा मालही मुंबईत आला. इराणी हॉटेलं बंद होत गेली तशा त्या इथे उतरल्या.

खुर्ची आधी उलटी करावी. बैठकीच्या कड्याच्या आतल्या बाजूला कागदी लेबलाचा अवशेष किंवा डाग देऊन उमटवलेलं नाव शोधावं. नाव नसलं तरी हरकत नाही, पुढची परीक्षा जास्त खरी. पाठीच्या कमानीवर लाकडाची रेघ कमानीबरोबर वळत जाते का? वळत असेल तर लाकूड वाकवलेलं आहे. रेघ सरळ जाऊन कडेला तुटत असेल तर फळीतून कमान कापून काढलेली आहे, ती खुर्ची नवी, आणि वजन पडलं की नेमकी तिथेच मोडणार. मागचे दोन पाय आणि पाठीची बाहेरची कमान हा एकच सलग तुकडा असतो, पायाशी सांधा दिसला तर दुरुस्ती झालेली आहे किंवा नक्कल आहे. डुगडुगणारी खुर्ची वाईट नव्हे. वर्षानुवर्षं मागे रेलून स्क्रूचं भोक मोठं झालेलं असतं. भोकात त्याच जातीच्या लाकडाची खुंटी सरसाने बसवून पुन्हा स्क्रू घेतला की ती आणखी एक आयुष्य काढते. सुताराने खिळा ठोकला की संपलं, लाकूड रेघेवर उभं चिरतं. वेत विणलेली बैठक असेल तर कड्याला बारीक भोकांची ओळ आहे का पाहावं. भोकं असतील तर हाताने विणता येते, नुसती खाच असेल तर तयार जाळी बसवावी लागते आणि खर्च वेगळा. पायाच्या टोकांवर बारीक पिवळी भुकटी दिसली तर मात्र खुर्ची तिथेच ठेवावी. लाकूड पोखरणारा किडा घरातल्या बाकीच्या लाकडातही शिरतो.

ग्रामोफोनबद्दल थोडक्यात: पितळी कर्ण्याचा, षट्कोनी किंवा अष्टकोनी पेटीचा, ‘एचएमव्ही’च्या कुत्र्याचं रंगीत चकचकीत चित्र डकवलेला दिसला की न थांबता पुढे जावं. मोटर एखाद्या मोडक्या पोर्टेबलची, बाकी सगळं नवं. खरंच रेकॉर्ड ऐकायची असेल तर कर्णा नसलेली, झाकणाची पोर्टेबल पेटी बघावी. चावी देऊन रेकॉर्ड संपेपर्यंत वेग टिकतो का हे दुकानातच तपासावं. मधे धपकन आवाज आला तर स्प्रिंगवरचं ग्रीस वाळून घट्ट झालं आहे, ते साफ करून नवं भरता येतं. चावी फिरतच राहिली, ताण येतच नसला तर स्प्रिंग तुटलेली. आवाज खरखरीत असेल तर बहुधा साउंडबॉक्समधलं (सुई बसवलेल्या, आवाज काढणाऱ्या गोल डबीतलं) रबर कडक झालेलं असतं, ते बदलता येतं. रेकॉर्डच्या एका बाजूला एक पोलादी सुई, हा जुना नियम पाळावाच, नाहीतर बोथट सुई खोबणी खरवडते. ७८ च्या रेकॉर्डी लाखेच्या असतात. त्या स्पिरिटने पुसल्या की लाख विरघळते आणि रेकॉर्ड कायमची जाते. पाणी, साबणाचा एक थेंब, मऊ फडकं, आणि मधलं लेबल कोरडं, एवढंच पुरे.

इनॅमलच्या पाट्यांत नकली माल इतका मिसळलेला आहे की नवख्याने हात न लावलेला बरा. तरी कसोटी अशी: अस्सल पाटीवर काचेसारखे थर भट्टीत भाजून बसवलेले असतात, टवका उडालेल्या जागी रंगाखाली पांढरा किंवा काळा पाया पायरीपायरीने दिसतो, आणि अक्षरांवर बोट फिरवलं तर किंचित उंचवटा लागतो. नकली पाटी पत्र्यावर छापलेली असते. तिचा गंज सगळीकडे सारखा, अगदी ठरवून चोळल्यासारखा. खऱ्या पाटीला गंज आधी स्क्रूच्या भोकांपाशी धरतो, कारण तिथे ठोकताना इनॅमल उडतं. पितळी दुर्बिणी आणि होकायंत्रांवर शब्द खर्च करण्यात अर्थ नाही.

भावाचं गणित साखळीवर ठरतं. चाळीतून रद्दीवाला, त्याच्याकडून जुमा बाजार, तिथून दुकान, दुकानातून घरसजावटवाला. प्रत्येक टप्प्यावर किंमत चढते आणि गठ्ठा लहान होतो. सांगितलेल्या किमतीच्या एक-तृतीयांशाला सुरुवात करणं इथे उद्धटपणा मानत नाहीत, पण मागितलेल्या भावाला तो हो म्हणाला आणि तुम्ही निघून गेलात तर मात्र मानतात. सकाळच्या बोहनीला घासाघीस लवकर मिटते. हवी ती वस्तू हातात धरून नव्हे, तिच्या शेजारच्या दोन वस्तूंसकट लॉटमध्ये मागावी. आणि कागद जुना ओळखता येतो हे दाखवायच्या भरात तारखांवर व्याख्यान देऊ नये, तुमच्या ज्ञानाचे पैसे तुमच्याकडूनच वसूल होतात.

घरी आणल्यावर पहिलं काम गंजलेल्या टाचण्या काढणं. टाचणी ओढू नये, तिच्याखाली जाड प्लॅस्टिकची पट्टी सरकवून हलकेच उचलावी, नाहीतर गंजाबरोबर कागद फाटतो. सेलोटेप कधीही नाही: तिचा गोंद काही वर्षांत पिवळा होऊन कागदात मुरतो आणि मग निघत नाही. लॅमिनेशन तर त्याहून वाईट, कारण ते पुन्हा काढता येत नाही. पॉलिएस्टरच्या पारदर्शक पाकिटात, मागे आम्लरहित कागद घालून, आडवं ठेवावं. मुंबईच्या पावसाळ्यात पाकीट चारी बाजूंनी बंद केलं तर आत दमट हवा कोंडून बुरशी धरते, म्हणून एक बाजू उघडी ठेवावी आणि डब्यात सिलिका जेल टाकून ते दर महिन्याला तापवून कोरडं करावं. कसर (कागद खाणारा किडा) लागलेला गठ्ठा बाकीच्या संग्रहात नेण्याआधी घट्ट प्लॅस्टिकमध्ये बांधून दोन आठवडे डीप फ्रीजरमध्ये ठेवावा, आणि बाहेर काढल्यावर खोलीच्या तापमानाला आल्याशिवाय उघडू नये, नाहीतर थंड कागदावर पाणी सुटतं.

परदेशात राहणाऱ्यांनी खरेदीआधीच कायदा लक्षात घ्यावा. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू किंवा कारागिरीची वस्तू, आणि ऐतिहासिक वा साहित्यिक मोलाचं पंच्याहत्तर वर्षांहून जुनं हस्तलिखित खाजगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही. वस्तू तितकी जुनी नसली तरी दिसायला जुनी असेल तर विमानतळावर अडते, त्यासाठी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून ती पुरावस्तू नसल्याचा दाखला आधी काढावा. इथे दुकानदाराचं ‘सौ साल पुराना’ उलट अंगावर येतं, तेव्हा बिलावर वय लिहून घ्यायचंच असेल तर खरं लिहून घ्यावं.